अन्नव्यवस्था बदलायची, पण सुरुवात कुठून?

एका गटाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या गटाकडे तीन उद्दिष्टं एकदम सोपवली आहेत. सगळ्यांना पुरेसं अन्न मिळावं, ते निर्धोक असावं आणि ते पिकवताना माती, पाणी, हवामान बिघडू नये. पण उत्पादन वाढवायला गेलं की खतं-औषधं वाढतात, तपासणी कडक केली की लहान शेतकरी बाजाराबाहेर फेकला जातो आणि टिकाऊ शेतीचं नाव काढलं की उत्पन्न घटेल ही भीती. मग हात घालायचा कुठे?

माझी पंचवीसेक वर्षं काढणीनंतरच्या कामात गेली: वाळवणी, साठवण, बुरशी, तपासणी. त्यामुळे माझं उत्तर खळ्यावरून आणि कोठारातून जसं दिसतं तसं असेल. वाण तयार करणारा माणूस दुसरीकडून सुरुवात करेल आणि तेही चुकीचं नसेल. मला मात्र एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. या तीन उद्दिष्टांत जिथे ओढाताण होते तिथे खोलात गेलं की बहुतेक वेळा हेच सापडतं: बदलाचा खर्च एकाच्या गळ्यात आणि फायदा दुसऱ्याच्या पदरात. म्हणून कुठलीही योजना, यंत्र किंवा नियम समोर आला की मी आधी विचारतो, चुकलं तर नुकसान कुणाचं आणि साधलं तर पैसा कुणाला?

मक्याचा हिशेब करून पाहा. एक हजार किलो मका, ओलावा १८ टक्के. म्हणजे त्यात सुका भाग ८२० किलो. हाच मका १३ टक्क्यांपर्यंत वाळवला की वजन भरतं साधारण ९४२ किलो. दाणा एकही गेला नाही, फक्त ५८ किलो पाणी उडालं. आता खरेदी वजनावर होत असेल आणि ओल्या-सुक्याला भाव एकच असेल, तर ज्याने नीट वाळवलं त्याचे जवळपास सहा टक्के पैसे गेले. वाळवायची मजुरी, जागा, राखण आणि पावसाची धास्ती वेगळीच. नुसती बरोबरी साधायलाही सुक्या मालाला किलोमागे सहा टक्क्यांहून जास्त भाव मिळायला हवा. तो मिळत नसेल तर शेतकरी ओला माल का आणतो हा प्रश्नच उरत नाही. आणि तरीही आपण त्याला 'जागृती'चं प्रशिक्षण देत राहतो. मीही अशी प्रशिक्षणं वर्षानुवर्षं घेतली. लोक मन लावून ऐकायचे, वहीत लिहून घ्यायचे आणि पुढच्या हंगामात माल तेवढाच ओला यायचा. ते निष्काळजी होते असं मला तेव्हा वाटायचं. चूक माझी होती, मी काटा बघितला नव्हता.

या ओलाव्यावर एवढा जोर देतो कारण तिन्ही उद्दिष्टांची गाठ इथेच पडते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. आधी रोगाची साथ वाटली, शेवटी दोष निघाला खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत. तिच्यावर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशीने विष तयार केलं होतं. अफ्लाटॉक्सिन हे नाव त्या बुरशीवरूनच पडलं. त्यातला बी१ हा प्रकार माणसात यकृताचा कर्करोग घडवतो हे आता पक्कं झालं आहे आणि अंगात हेपटायटिस बीचा संसर्ग असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. जनावराने असं खाद्य खाल्लं की विषाचं रूप बदलून ते दुधात उतरतं. घरच्या शिजवण्या-भाजण्याने ते पुरतं जात नाही. २००४ मध्ये केनियात ओला साठवलेला मका खाऊन ३१७ जण आजारी पडल्याची नोंद झाली, त्यातले १२५ दगावले. तो दुष्काळी टंचाईचा काळ होता, घरातला मका खराब दिसत असला तरी टाकून द्यायची ऐपत नव्हती. भूक आणि विष अशी हातात हात घालून येतात, म्हणून 'आधी पोट भरू, मग सुरक्षिततेचं बघू' हे म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

उपाय मात्र अवघड विज्ञानाचा नाही. तृणधान्य १३ ते १४ टक्के ओलाव्याखाली आणलं की बुरशीला जगण्याइतकं मोकळं पाणी मिळत नाही. भुईमुगाच्या दाण्याला हीच मर्यादा सात-आठ टक्के आहे, कारण त्यात तेल खूप आणि तेल पाणी धरून ठेवत नाही. थोडंसं पाणीही तिथे बुरशीला उघडं सापडतं. सगळ्या पिकांना एकच आकडा लावणारं मार्गदर्शन दिसलं तर ते बाजूला ठेवा. मीटर नसेल तर मिठाची चाचणी करा. पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश दाणे घ्या, दोन-तीन चमचे वाळवलेलं मीठ टाका, हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण पंधरा टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही म्हणजे साठवायला योग्य, असं मात्र समजू नका. ही चाचणी फक्त नक्की ओलं काय ते सांगते. चौदाचं तेरा करायला आणखी एक-दोन उन्हं लागतातच.

वाळवल्यावर प्रश्न उरतो किडीचा. हवाबंद पिशव्यांनी तो पुष्कळ सुटला आहे. कॅमेरूनमध्ये चवळीच्या साठवणीसाठी १९८०च्या दशकाच्या अखेरीस पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जी तीनपदरी पिशवी बसवली, तिचं तत्त्व साधं आहे: आत दोन जाड प्लॅस्टिकचे थर, बाहेर विणलेलं पोतं. आतली कीड श्वास घेऊन प्राणवायू संपवते आणि स्वतःच थंडावते. कीटकनाशक लागत नाही. पण ओला माल तिच्यात बंद केला तर तो आतच नासतो. क्रम पक्का ठेवा, आधी वाळवण आणि मग हवाबंद.

आता या एका कामातून काय साधलं ते पाहा. घरात खायला आणि विकायला जास्त दाणा उरला. बुरशीचं विष टळलं. आणि जो दाणा वाया गेला असता त्याच्यासाठी लागलेली जमीन, पाणी, खत, डिझेल हेही वाया गेलं नाही. 'अन्नाचा एक तृतीयांश भाग वाया जातो' हे वाक्य संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०११च्या अंदाजातून आलं आणि सगळीकडे पसरलं. तुमच्या अहवालात ते जसंच्या तसं घालू नका. नंतर मोजणी दोन भागांत झाली. काढणीपासून किरकोळ विक्रीच्या आधीपर्यंत होणारी नासाडी सुमारे १३ टक्के. दुकानं, खानावळी आणि घरांतली २०२२ साली १०५ कोटी टन, म्हणजे ग्राहकापर्यंत पोचलेल्या अन्नाच्या सुमारे १९ टक्के आणि त्यातली साठ टक्के घरांतली. हे दोन वेगळे आजार आहेत. खळ्यावरचं नुकसान साधनं नसल्यामुळे होतं, घरातलं सवयीमुळे. औषध एकच असू शकत नाही.

मोजमापाबद्दल एक इशारा, कारण तुमचा गट लवकरच निकष ठरवायला बसेल. ज्याचे पैसे देता तेच तुम्हाला मिळतं, आणि ते नेहमी तुम्हाला हवं असलेलंच असेल असं नाही. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे प्लॅस्टिक बनवायला वापरलं जाणारं रसायन सापडलं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा बाळं दगावली. दुधाची प्रत प्रथिनांवरून ठरत होती आणि चाचणी प्रत्यक्षात प्रथिनं न मोजता नायट्रोजन मोजत होती. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणून पाणी घातलेलं दूधही चाचणीत उत्तम ठरायचं. ही फसवणूक गुन्हाच होती. पण ती नेमकी त्या जागी झाली जिथे मोजमाप आणि मूळ हेतू यांच्यात फट होती. निकष लिहिताना एक माणूस फक्त या कामाला बसवा: हा आकडा चांगलं काम न करता कसा गाठता येईल ते शोधायचं.

लहान शेतकरी नियमांमुळे बाहेर फेकला जातो ही तुमची भीती खरी आहे. जगातल्या दर सहापैकी पाच शेतं दोन हेक्टरपेक्षा लहान आहेत. त्यांच्याकडे शेतजमिनीचा जेमतेम १२ टक्के वाटा, पण जगाच्या अन्नातलं सुमारे ३५ टक्के त्यांच्याकडून येतं. त्यांना वगळून अन्नव्यवस्था बदलता येणार नाही. पण नियम सैल करणं हा उपाय नव्हे, कारण दूषित अन्नाचा मार गरिबाच्या मुलालाच जास्त बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार वर्षाला ६० कोटी लोक दूषित अन्नाने आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. मरणाऱ्यांत सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं असतात.

वाट तिसरी आहे. अन्नातला धोका आधीच रोखण्याची जी पद्धत आज एचएसीसीपी म्हणून ओळखली जाते ती १९६०च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेने मिळून घडवली. तयार अन्न तपासूनच खात्री करायची तर इतके नमुने फोडावे लागत की खायला काही उरलं नसतं. म्हणून त्यांनी उलटा विचार केला: धोका कुठल्या टप्प्यावर आत येतो तो शोधा आणि तो टप्पा ताब्यात ठेवा. या विचाराचा गाभा लहानातल्या लहान उत्पादकाला पेलतो. पेलत नाहीत ते त्यावर चढलेले कागद. दूध गोळा करणाऱ्या लहान केंद्राला जाड नोंदवही देऊ नका. काढल्यापासून गार होईपर्यंत किती वेळ गेला आणि भांडं कशाने धुतलं, या दोन गोष्टी पक्क्या करा. भुईमुगाला वाळवणी आणि फुटक्या, सुरकुतलेल्या दाण्यांची निवड. शिजवलेलं अन्न विकणाऱ्याला कच्चं-शिजलेलं वेगळं, आतपर्यंत ७० अंश, मग एकतर ६० अंशांच्या वर गरम नाहीतर ५ अंशांच्या खाली गार. प्रत्येक धंद्याला असे दोन-तीनच नाके असतात. तिथे पहारा ठेवला की बाकीचं पुष्कळ आपोआप सुधारतं.

आणि माग काढण्याची सोय. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. ३,८०० हून अधिक लोक आजारी, पन्नासहून अधिक मृत्यू. पहिल्या घाईत बोट स्पेनच्या काकड्यांकडे गेलं आणि तिथल्या उत्पादकांचा माल शेतातच सडला. खरं कारण निघालं मोड आलेली मेथी. चुकीच्या घोषणेची किंमत ज्यांचा काहीही संबंध नव्हता त्यांनी मोजली. माग ठेवणारी नोंद ही सहसा शेतकऱ्यावरची देखरेख म्हणून मांडली जाते, म्हणून तो ती टाळतो. अशा वेळी तीच नोंद त्याचा बचाव असते. तशी ती समजावून द्या, आणि नोंद ठेवणाऱ्याला खोट्या आरोपात भरपाई मिळेल अशी तरतूद असेल तर उत्तमच.

टिकाऊपणाच्या बाबतीतही हाच पाया धरून चला. खत जास्त का पडतं? जगभरात दिलेल्या नायट्रोजनपैकी निम्म्याहून कमी पिकाला लागू पडतो. बाकीचा पाण्यात जातो किंवा हवेत. त्यातला काही नायट्रस ऑक्साइड बनतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. शेतकऱ्याला हे कळत नाही असं नाही. त्याच्यासाठी ते जादा पोतं म्हणजे विमा आहे: कमी पडलं तर सगळं पीक हातचं जाईल, जास्त पडलं तर फक्त पोत्याचे पैसे. विमा काढून घेतला आणि बदल्यात काहीच दिलं नाही तर काय होतं ते श्रीलंकेने २०२१ मध्ये पाहिलं. वसंतात रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली. जमिनीला तयारीला वेळ नव्हता, पुरेसं सेंद्रिय खत उपलब्ध नव्हतं. भाताचं उत्पादन घसरलं, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि नोव्हेंबरपर्यंत बंदी मागे घ्यावी लागली. त्यातून 'सेंद्रिय शेती चालत नाही' असा निष्कर्ष काढणारे मला घाईचे वाटतात. सगळी जोखीम एका हंगामात शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकून बदल होत नाही, एवढं मात्र त्यातून नक्की दिसलं.

भातातलं पाणी घ्या. खाचरात सतत पाणी तुंबवण्याऐवजी मधूनमधून ते आटू द्यायचं, ही पद्धत आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने खूप सोपी करून दिली. भोकं पाडलेली नळी मातीत रोवायची, आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरलं की पुन्हा भरायचं, फुलोऱ्याच्या काळात मात्र पाणी उभं ठेवायचं. पाण्याची बचत तीस टक्क्यांपर्यंत, मिथेनमध्ये मोठी घट, उत्पन्न जवळपास तेवढंच. तरी ही पद्धत सगळीकडे पसरली नाही. जिथे शेतकरी पंपाचं इंधन स्वतः भरतो तिथे ती त्याला पटकन पटते. जिथे पाणीपट्टी एकरावर ठरलेली असते तिथे पाणी वाचवून त्याच्या हाती काहीच लागत नाही, उलट पाळी चुकायची भीती. नळी तीच, माणूसही तसाच समंजस, फक्त बिल कसं येतं ते वेगळं.

याच्या उलट टोकाची गोष्ट कसाव्यावरच्या (ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्या पिकावरच्या) पिठ्या ढेकणाची आहे आणि ती मला आजही उभारी देते. १९७०च्या दशकात ही कीड दक्षिण अमेरिकेतून आफ्रिकेत आली आणि कोट्यवधी लोकांचं मुख्य अन्न धोक्यात आलं. स्विस कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन यांच्या चमूने किडीच्या मूळ प्रदेशात जाऊन तिचा नैसर्गिक शत्रू शोधला. पॅराग्वेतून आणलेली एक इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी, जी १९८१ पासून आफ्रिकेत सोडली गेली. कीड आटोक्यात आली. हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ते शास्त्र थोर होतंच. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की शेतकऱ्याला एक पैसा घालावा लागला नाही, पद्धत बदलावी लागली नाही, फवारणी शिकावी लागली नाही. खर्च आणि जोखीम सार्वजनिक संस्थांनी उचलली आणि अन्न, सुरक्षितता, पर्यावरण तिन्ही एकत्र सांभाळलं गेलं. अफ्लाटॉक्सिनवरही असाच एक मार्ग निघाला आहे: विष न बनवणाऱ्या बुरशीच्या जाती शेतात सोडायच्या, त्या विषारी भावंडांची जागा बळकावतात. नायजेरियात हा उपाय पसरवताना शेतकऱ्यांचे गट जोडून त्यांच्यापर्यंत तो पोचवणाऱ्यांना, उपचार केलेल्या मक्याच्या प्रमाणात प्रोत्साहन रक्कम दिली गेली. म्हणजे तिथे पैसा सुरक्षिततेच्या मागे गेला.

आता पहिलं उद्दिष्ट, जे मी मुद्दाम मागे ठेवलं. पुरेसं अन्न म्हणजे पुरेसं उत्पादन, असं तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेलं दिसतं. १९९६ साली रोममध्ये झालेल्या जागतिक अन्न परिषदेची अन्नसुरक्षेची व्याख्या तसं म्हणत नाही. ती सर्व लोकांना, सर्व काळ, पुरेसं, निर्धोक आणि पोषक अन्न प्रत्यक्ष आणि आर्थिकदृष्ट्या मिळण्याबद्दल बोलते. सुरक्षितता त्या व्याख्येत आधीपासूनच आहे. दुष्काळात माणसं मरतात ती अनेकदा धान्य नसल्याने नव्हे, ते मिळवण्याचा हक्क आणि ऐपत हरवल्याने, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्येच दाखवून दिलं. २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी लोक भुकेले होते, पण सकस आहार परवडत नाही असे २६० कोटी. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास चौपट आहे आणि नुसती पोती वाढवून तो हलत नाही. तिथे फळं, भाज्या, कडधान्यं, दूध, मासे स्वस्त आणि जवळ मिळावे लागतात. नेमका हाच माल सगळ्यात लवकर नासतो, म्हणून काढणीनंतरच्या कामाकडे मी पुन्हा पुन्हा बोट दाखवतो.

या जागी मला सगळ्यात भरवशाचं हत्यार वाटतं ते सार्वजनिक खरेदी. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शाळांच्या जेवणासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या रकमेतला किमान ३० टक्के भाग कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीवर खर्च करणं बंधनकारक केलं. मुलांना ताजं अन्न आणि लहान शेतकऱ्याला ठरलेलं गिऱ्हाईक. ज्याला माल विकला जाणार याची खात्री आहे तो वेगळं पीक लावून बघतो, वाळवायला ताडपत्री घेतो, नोंद ठेवतो. खात्री नसलेल्याकडून आपण हे सगळं धाडस म्हणून मागत असतो.

आहाराच्या सवयी, साखर-मीठ, जाहिराती हा भाग फार मोठा आहे. अन्नव्यवस्थेचे जे छुपे, म्हणजे अन्नाच्या किमतीत न दिसणारे, खर्च वर्षाला १० लाख कोटी डॉलरहून अधिक मोजले गेले, त्यातले सत्तर टक्क्यांवर चुकीच्या आहारामुळे होणाऱ्या आजारांतून येतात. पण तो माझा प्रांत नाही. त्यासाठी सार्वजनिक आरोग्यातला माणूस गटात पहिल्या दिवसापासून घ्या.

तुमच्यासाठी प्रत्यक्ष सल्ला असा. पहिल्या हंगामात प्रशिक्षण ठेवू नका, यंत्र वाटू नका. एक पीक निवडा आणि काढणीपासून खाणाऱ्याच्या ताटापर्यंत मालाबरोबर चाला. माल एका हातातून दुसऱ्या हातात गेला की दर वेळी सहा गोष्टी लिहा: वजन, ओलावा किंवा तापमान, किती तास गेले, किती फेकलं, भाव काय मिळाला आणि या टप्प्यावर माल बिघडला असता तर पैसे कुणाचे गेले असते. शेवटचा रकाना लोक सुरुवातीला मोकळा सोडतात, तो भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाळवणारे, निवडणारे, पाखडणारे हात बहुतेक ठिकाणी बायकांचे असतात आणि बैठकीला येतात पुरुष. मी दोन हंगाम ज्यांना ओलावा कसा पाहायचा हे शिकवत होतो त्यांनी दाण्याला हातही लावलेला नव्हता. ज्या बाईने लावला होता ती दाण्याला दात लावून आवाजावरून सांगायची की अजून एक ऊन हवं. मीटर लावून पाहिलं तर तिचा अंदाज अर्ध्या-एका टक्क्याच्या आत यायचा. तिच्या नोंदी आधी घ्या.

हंगाम संपला की तो शेवटचा रकाना वरून खाली वाचा. एकच नाव सारखं येत असेल तर पहिला बदल त्या माणसासाठी करा, आणि बोलणी त्याच्याशी न करता त्याच्याकडून माल घेणाऱ्याशी सुरू करा. सुक्या मालाला वेगळा भाव देणारा एक खरेदीदार मिळाला की ताडपत्र्या लोक स्वतः आणतात. तो भाव काट्याजवळ, ओलाव्याच्या मीटरशेजारी, मोठ्या अक्षरात लिहिलेला असू द्या. आणि मीटर दोन ठेवा, एक खरेदीदाराचा आणि एक शेतकऱ्यांचा, म्हणजे आकड्यावरून वाद झाला तर तिथल्या तिथे मिटवता येईल.